नऊ थापा आणि एक पान

दुसऱ्या बोटीचं सुकाणू हाती आलं, तर मेरिनला तीन गोष्टी मिळणार होत्या: दुकानातल्या कॉम्प्युटरपासून सुटका, नदीवरच्या सकाळी, आणि दोन वर्षं खणात पडून राहिलेल्या बोटीच्या परवान्याचं एकदाचं सार्थक. हा नफा मनाशी मोजत ती क्लॅरीमामाच्या दुकानात, ओळीनं उभ्या केलेल्या गळाच्या काठ्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी छापील कागद अडकवत होती. आठ कागदांनंतर चिमटे संपले. नववा तिनं दातांत धरला.

मामाची अट सरळ होती. तिकडच्या पावसाळ्याचा पूर मार्चमध्ये ओसरू लागला की बारामुंडी मासा वेड्यासारखा गळाला लागतो; ते सहा आठवडे म्हणजे ड्रायसन लँडिंग या नदीकाठच्या गावाची सुगी. फेब्रुवारी संपायच्या आत त्या आठवड्यांतल्या, गिऱ्हाइकांना बोटीतून मासेमारीला नेण्याच्या सगळ्या फेऱ्या भरल्या, तर दुसरी बोट मेरिन चालवणार. नाही भरल्या, तर बोट विकायची. जानेवारीचे दहा दिवस उलटले होते आणि तीन फेऱ्या भरल्या होत्या. त्यातली एक मामीच्या बहिणीची.

मामा हॅट झटकत आत आला.

"हे काय? दुकानात धुणं वाळत घातलंस?"

"तुझंच आहे," मेरिननं दातांतला कागद त्याच्या हातात दिला. "वाच."

नऊही कागदांवर मथळा एकच होता: 'ड्रायसन नदीत बारामुंडी कुठे मिळेल?' नऊही पानं दुकानाच्या वेबसाइटवरची, मामानं दोन बोटांनी टाइप केलेली. आणि मासा मिळण्याचं ठिकाण प्रत्येक पानात वेगळं.

"लोक इंटरनेटवर हाच प्रश्न विचारतात," मेरिन म्हणाली, "आणि आपल्या घरातून नऊ जण एकदम उत्तर द्यायला उठतात. एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे. ऐकणाऱ्याला वाटतं, या घरात कुणालाच काही ठाऊक नाही. वॉलीच्या दुकानाचं एकच पान आहे. ते सगळ्यांत वर जाऊन बसलंय. आपली नऊ एकमेकांचे पाय ओढत विसाव्या नंबरच्या खाली."

"वॉलीच्या पानात शुद्धलेखनाच्या चुका आहेत."

"असू देत. एकटं आहे ते."

नोलीनमामी काउंटरमागे कोळंबीची पाकिटं लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दर वेळी नवं पान का लिहिलंस, ते सांग ना पोरीला."

मामा काठ्यांकडे बघू लागला. सांगायची गरज नव्हतीच. त्या भागात माणूस बायकोचं वय सांगेल, बँकेतली शिल्लक सांगेल. मासा कुठे मिळतो ते सांगणार नाही. मामाची बोट कुठे थांबते याचा गावात कुणाला वास लागला, की मामा नवं पान लिहायचा आणि गर्दीला भलतीकडे पाठवून द्यायचा. तेरा वर्षांत नऊदा वास लागला होता. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"म्हणजे नऊच्या नऊ थापा?"

"थापा कशाला? तिथे पाणी आहे. पाण्यात मासा असतो."

"खाली लोकांनी काय लिहिलंय बघ. 'दोन दिवस बसलो. एक चप्पल मिळाली. डाव्या पायाची.'"

मामी हसली. मामा हसला नाही.

मेरिननं आपला बेत सांगितला. पान एकच ठेवायचं. बाकीची आठ काढायची आणि त्यांचे पत्ते असे वळवायचे, की जुन्या दारावर कुणी टकटक केली तरी माणूस या एकाच दारात येईल. आठांचं वजन मग एकाला मिळेल.

"ठीक. मोघम लिही. 'नदीत मिळतो' म्हणून."

"मोघम वॉलीनं लिहिलंयच. त्याला उठवायचं, तर त्याच्याकडे नाही ते द्यावं लागेल. खरं ठिकाण."

मामानं हॅट काढली, आतून बघितली, परत घातली. मग बोटीचा दोर तपासून येतो म्हणाला. दोर सकाळीच तपासला होता. अर्ध्या तासानं परत आला, तेव्हा त्यानं हातातला कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि एक वाकडी रेघ ओढली.

"पँडनस खाडी," तो इतक्या हळू म्हणाला की मेरिनला पुढे वाकावं लागलं. "दुसऱ्या वळणामागे आडवा खडक आहे. ओहोटी लागल्यावर पहिला तास." पेन्सिल खाली ठेवत तो मामीकडे वळला. "एकतीस वर्षं. तुलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"मला वाटायचं, बाहेर कुणीतरी ठेवलीयस," मामी म्हणाली.

मेरिननं पान लिहिलं. जुन्या पानांत ठिकाणं तेवढी खोटी होती. गाठ कशी मारावी, आमिष कोणतं लावावं, मासा ओढ घेतो तेव्हा हात किती सैल सोडावा, हे सगळं अस्सल होतं. ते तिनं वेचून एकत्र आणलं. दोन आठवडे काहीच हललं नाही. तिसऱ्यात पान अकरावं झालं. वीस फेब्रुवारीला ते वॉलीच्या डोक्यावर जाऊन बसलं, आणि त्याच दुपारी वॉली दुकानात येऊन काहीही न घेता उभा राहिला.

"कोण लिहून देतं रे तुला?"

"भाची," मामा म्हणाला. "शुद्धलेखन बघितलंस?"

महिनाअखेर सगळ्या फेऱ्या भरल्या. मेरिनला किल्ली मिळाली.

मार्चभर ती रोज पहाटे गिऱ्हाइकांना पँडनस खाडीत नेत होती. खडकाजवळ मामाची बोट असायची, पान वाचून आलेल्या परगावच्या दोन असायच्या, आणि वॉलीचीही. मासे भरपूर मिळत, गप्पाही भरपूर होत. फक्त सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मामा धक्क्यावर बसून जाळीची भोकं शिवत राही. पूर्वी सोमवारी तो कधी कुणाला दिसला नव्हता; खाडीत एकटाच असायचा. मेरिन बोट धुताना त्याच्याकडे बघायची आणि तिची सगळी बेरीज बिघडायची.

"ठिकाणाचं नाव काढून टाकते पानातून," ती एकदा मामीला म्हणाली.

"पानातून काढशील. वॉलीच्या डोक्यातून कसं काढशील?"

एप्रिलमधल्या एका सोमवारी मामा लहान होडी घेऊन एकटाच निघून गेला. दुपारी परतला तेव्हा मेरिननं धक्क्यावरून दोर झेलला. होडीत ओलं पोतं पसरलेलं होतं आणि त्याच्या बाहेर एक शेपूट आलं होतं. मासा मीटरभराच्या वरचा होता. असला मासा मामानं आणलेला तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

"कुठे?"

मामानं मागे वळून पाहिलं, जणू वॉली खारफुटीत दडून बसलाय.

"ती आठ पानं. आता कुणालाच दिसत नाहीत ना?"

"नाही. कुणी शोधलं तरी खाडीच्याच पानावर येतं."

"सहावं पण?"

"सहावं पण. का?"

"काही नाही." त्यानं पोतं नीट ओढून शेपूट झाकलं. "फार झकास लिहिलं होतं मी ते. काल जेवताना तू छापलेला त्याचा तो कागद वाचत होतो. वाचता वाचता मलाच जावंसं वाटलं."

मेरिननं दोर खुंटाला गुंडाळला आणि पुढे काही विचारलं नाही. तिला बोट मिळाली होती, गिऱ्हाइकांना मासे मिळाले होते, वॉली एक पायरी खाली उतरला होता. राहिला मामा. तो आयुष्यात एकदाच खरं बोलला होता, आणि त्याची भरपाई त्याच्याच एका थापेनं करून दिली होती.