एका रात्रीपुरती विणलेली चटई

मी चटई. गादीबिदी नव्हे, साधी चटई. पण लूपेच्या आईचं सगळं बालपण माझ्यावर झोपून गेलंय, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

माझा जन्म टोंगातल्या एका बेटावरचा. अकोसीताने केवड्याच्या जातीच्या झाडाची लांब पानं कापली, काटे काढले, पानं उकळली, जुड्या बांधून आठ दिवस समुद्राच्या पाण्यात बुडवल्या आणि मग उन्हात वाळवल्या. एरवी आमच्याकडे बायका घोळक्याने विणायला बसतात, गप्पांना ऊत येतो. मला मात्र तिने एकटीने विणलं, आणि घाईघाईने. माप अगदी लहान, तिच्या पाच वर्षांच्या पोरीचं. पोरीचं नाव तेलेसिया, तीच पुढे लूपेची आई झाली.

तेलेसियाला तिच्या आत्याने, लवीनियाने, एका रात्रीसाठी बोलावलं होतं. आत्याचं गाव तीन गावं सोडून. तिला मूलबाळ नव्हतं. आमच्यात आत्याचा मान सगळ्यांत मोठा. भावाच्या घरातलं काहीही तिने मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही, मग ते मूल का असेना. अकोसीताला हे पक्कं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "एकच रात्र आहे, बाळ," आणि मला गुंडाळून पोरीच्या काखेत दिलं.

ती एक रात्र चौदा वर्षं चालली.

लवीनिया वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पोरीवर तिने जीव टाकला. तेलेसिया वाढली, पाय माझ्याबाहेर जाऊ लागले, तशी लवीनियाने हातभर विणून मला जोड दिला. तिची वीण अकोसीतापेक्षा सुबक आहे, खोटं कशाला बोलू? काठाला लाल लोकरही तिनेच लावली. पण पहिले काही महिने तेलेसिया रोज सकाळी मला गुंडाळायची आणि फाटकाशी जाऊन बसायची. न्यायला कुणी आलं नाही. लग्नाकार्यात आई भेटायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि निघून जायची. मग एक दिवस पोरीने मला गुंडाळणं सोडून दिलं. त्यावर ती पुढे कधी कुणाशी बोलली नाही. आत्याविरुद्ध तोंडातून शब्द काढायचा नाही, असंच ती शिकली होती.

आता आम्ही ऑस्ट्रेलियात, मिल्ड्युराला राहतो. तेलेसिया आणि तिचा नवरा मोसेसे द्राक्षमळ्यात कामाला जातात. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर पसरलेली असते आणि त्यांची अकरा वर्षांची लूपे माझ्यावर पालथी पडून गृहपाठ करते, निदान करत असल्याचं दाखवते.

मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचा, ब्रॉन्टेचा वाढदिवस आला. वर्गातल्या पाच मुली शनिवारी तिच्या घरी राहायला जाणार होत्या.

"नाही," तेलेसिया म्हणाली.

"का पण?"

"तिला थोरला भाऊ आहे. आपल्यात सख्खे बहीणभाऊसुद्धा एका खोलीत झोपत नाहीत."

"तो शनिवारी त्याच्या बाबांकडे असतो."

"त्यांच्याकडे कुत्रा आहे."

"कुत्र्याने काय घोडं मारलंय?" लूपे रडायच्या बेतात आली. "आई, तिसऱ्यांदा नाही म्हणतेयस तू. पुढच्या वेळी मला कुणी विचारणारच नाही."

मोसेसे भला माणूस, पण बोलायला गेला आणि चुकला. "जाऊ दे की गं. तिला काय कुणी ठेवून घेणार आहे?"

तेलेसिया उठली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मोसेसे मान खाजवत बसला. त्याला बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ब्रॉन्टेची आई जॅनीन दाराशी आली. चांगली बाई. स्वतःचा फोन नंबर लिहून आणला होता. "घर बघून जा, मुली कुठे झोपणार तेही बघा," म्हणाली. तेलेसियाने तिला खोबऱ्याच्या दुधातल्या केळ्यांचा डबा भरून दिला, हसून बोलली. मग जॅनीन निघता निघता म्हणाली, "काळजी करू नका, एकच तर रात्र आहे." हे ऐकलं आणि तेलेसियाचं हसू मावळलं. आपलं काय चुकलं हे जॅनीनला कळलं नसेल. मला कळलं, पण चटईला विचारतं कोण?

रविवारी चर्चहून आल्यावर टोंगाला फोन लागतो. या खेपेला लूपेने तो आईच्या आधी उचलला.

"आजी, ही मला एक रात्रसुद्धा कुठे पाठवत नाही."

पलीकडे अकोसीता होती. म्हातारी झाली आहे, पण ऐकू सगळं नीट येतं तिला.

"आईला दे फोन," ती म्हणाली.

तेलेसिया माझ्यावरच मांडी घालून बसली होती, फोन स्पीकरवर. "पोरीला बांधून ठेवतेस का गं?" अकोसीताने विचारलं.

आणि बत्तीस वर्षांत जे आलं नव्हतं ते तेलेसियाच्या तोंडून बाहेर आलं. "तू मला पाठवलंस ना. एका रात्रीसाठी. न्यायला का नाही आलीस?"

"आले होते."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. सकाळी सकाळी, फाटकापर्यंत. तू मागच्या अंगणात डुकराच्या पिलामागे पळत होतीस. हसत होतीस. लवीनिया पुढे आली, म्हणाली, राहू दे माझ्याकडे. नणंदेला मी काय बोलणार? परत फिरले."

मी तेव्हा घरात पसरलेली होते. मलाही हे नवीनच होतं.

"मला हाक का नाही मारलीस, आई?"

"हाक मारली असती तर तू धावत आली असतीस," अकोसीता म्हणाली. लूपे दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला कुणी हाकललं नाही.

शनिवारी दुपारी तेलेसियाने मला झटकलं, गुंडाळलं आणि लूपेकडे दिलं.

"आई, तिकडे गाद्या आहेत. हसतील सगळ्या."

"हसू देत. गादीखाली घाल."

हसल्याच पोरी. ब्रॉन्टेने विचारलं, "हे काय गं?" तेव्हा लूपे म्हणाली, "माझ्या दोन आज्यांनी केलीय. इथपर्यंत एकीने, इथून पुढे दुसरीने." मग पाची जणी माझी जोडावरची वीण बोटांनी चाचपायला लागल्या. पुढे त्यांनी माझ्यावर पॉपकॉर्न सांडलं, एकमेकींची नखं रंगवली, आणि काय काय बोलल्या ते मी सांगणार नाही. लूपे इतकी हसलेली मी आजवर पाहिली नव्हती.

न्यायची वेळ दहाची ठरली होती. साडेसहाला जॅनीनने पडदा सारला तर फाटकाबाहेर गाडी उभी. तेलेसिया चर्चच्या कपड्यांत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेली. जॅनीन चहा घेऊन बाहेर गेली, आत या म्हणाली.

"नको. तिला खेळू दे. मी आहे इथे," तेलेसिया म्हणाली. साडेतीन तास ती तिथून हलली नाही. आत धिरडी झाली, दंगा झाला. लूपेने एकदा खिडकीतून बघून कपाळावर हात मारला.

दहा वाजता तेलेसिया गाडीतून उतरली, फाटकाला धरून उभी राहिली आणि तिने हाक मारली. "लूपे!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. समोरच्या घरातला म्हातारा पेपर खाली ठेवून बघायला लागला. लूपे लाजेने लाल झाली. "आले, आले गं आई, ओरडू नकोस," म्हणत मला अर्धवट गुंडाळून, अनवाणीच धावत सुटली.

माझ्या कडा आता उसवल्यात, जोडाजवळ दोन ठिकाणी पानं तुटलीत. फार दिवस निघणार नाहीत माझे. मुलांना दुसऱ्याच्या घरी झोपायला पाठवावं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. घर बघा, माणसं बघा, मन मानत नसेल तर नका पाठवू. पण पाठवलंत तर सकाळी न्यायला जा. पोर मजेत दिसली, हसताना दिसली, तरी फाटकावरून परत फिरू नका. नाव घेऊन हाक मारा.