समोरून येणारी गाडी

एक डोळा गेला म्हणून कुणी घरकोंबडा होतं का? वस्ताद झाले. उभी हयात ट्रक चालवण्यात काढलेला माणूस. गल्लीतली पोरंटोरंसुद्धा त्यांना वस्ताद म्हणायची आणि त्या हिशेबाने त्यांच्या बायकोला वस्तादीण. डाव्या डोळ्याची नजर गेली, डॉक्टरांनी मान हलवली, लायसन्स पुढे मिळेना, गाडी एका तरण्या ड्रायव्हरला विकली, आणि त्या दिवशी वस्ताद जे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर त्यांचे जुने सोबती जमायचे. निरोपावर निरोप यायचे. वस्ताद म्हणायचे, "पाय दुखतोय म्हणावं." गेला डोळा, आणि दुखतोय पाय. आता बोला!

वस्तादीण काही दूधखुळी नव्हती. पाय ठणठणीत होता. चार सोबत्यांनी तोंड पाडून 'अरेरे' म्हटलेलं या माणसाला सोसणार नव्हतं, दुखणं ते होतं. तिने गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. हा माणूस एक दिवस या खुर्चीतच संपणार, अशी धास्ती तिने घेतली होती. काही करून त्यांना दाराबाहेर काढायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

लेक मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होती. एका रविवारी मायलेकींची स्वयंपाकघरात बराच वेळ खुसुरफुसुर चालली. पुढच्या रविवारी लेकीने बापासमोर पिशवी रिकामी केली. गियरवाली एक मोटर, चाकं वळवायला दुसरी पिटुकली मोटर, ड्रिल मशीनची जुनी बॅटरी, आणि रिमोट.

"बाबा, रिमोटवर चालणारा ट्रक करायचाय मला. विकतचा नकोय. तुमच्या गाडीसारखा हवा."

"मी काय सुतार आहे का?"

"नाही, पण गाडीची मापं तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहेत?"

वस्तादांनी गियरवाली मोटर उचलून हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "कागद आण."

"हातभर लांब करू या का?" लेकीने विचारलं.

"दीड हात!" आतून वस्तादीण ओरडली. "हातभर म्हणजे खेळणं झालं."

खरी गोम वेगळीच होती. हातभर ट्रक दोन खोल्यांत पलंगाखालून आरामात फिरला असता. दीड हाताचा घरात वळणारच नव्हता. तो चालवायचा तर खाली उतरणं भाग. बाई पक्की होती!

हत्यारं म्हणाल तर पक्कड, पेचकस, हातोडी, आणि एका टोकाला चिंधी गुंडाळलेलं करवतीचं पातं. जुन्या खिडकीची अॅल्युमिनियमची पट्टी स्टुलावर आडवी ठेवायची, वस्तादिणीने तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं आणि वस्तादांनी कापायचं. "हलू नकोस," ते म्हणायचे. "मी हलत नाहीये, तुमचं स्टूल हलतंय," ती म्हणायची. मोडक्या छत्रीच्या दांड्यातून चाकांचे आस निघाले. बरण्यांची झाकणं जोडीजोडीने चिकटवून, त्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवून चाकं झाली. आठवडाभर घरातल्या बरण्या बोडक्या होत्या.

केबिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याची करायची ठरली. "अगं, तुझी कात्री दे जरा," वस्ताद म्हणाले.

तिची कात्री! शिवणाच्या कात्रीला घरात कुणी बोट लावायचं नाही असा दंडक होता. लहानपणी लेकीने त्या कात्रीने कागद कापला म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता. आणि इथे पत्रा! पण कितीतरी दिवसांनी या माणसाने आपणहून काही मागितलं होतं. वस्तादिणीने कात्री दिली, आत गेली आणि पत्र्याची करकर ऐकू येऊ नये म्हणून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. कात्रीचं मातेरं झालं. होऊ दे, ती मनाशी म्हणाली, माणसापेक्षा कात्री मोठी नाही.

एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही. वस्तादांचा पेचकस स्क्रूवर न टेकता शेजारी टेकायचा. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा त्यांनी पेचकस भिरकावला. तिने तो मुकाट्याने उचलून आणला आणि स्क्रूच्या कडेला आपलं बोट ठेवलं. बोटाच्या आधाराने पेचकस बरोबर बसला. मग तसंच चालू राहिलं. तिच्या बोटाला दोनदा खरचटलं, ते तिने त्यांना कळू दिलं नाही.

लेकीने तारांना कथलाचे डाग दिले, बॅटरी जोडली. वस्तादांनी केबिन आपल्या जुन्या गाडीच्याच हिरव्या रंगाने रंगवली आणि स्पंजाचा तुकडा कापून ड्रायव्हरची सीटसुद्धा बसवली. "तिथे कोण बसणारे?" लेकीने विचारलं. "सीटशिवाय गाडी असते का?" वस्ताद तिच्यावर डाफरले. डाफरणं ऐकून मायलेकींना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

घरात चालवून पाहिला. ट्रक कपाटाला धडकला, पलंगाला धडकला आणि शेवटी भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये अडकून घरघरत राहिला.

"इथे वळत नाही," वस्ताद म्हणाले.

"अगं बाई! मग आता कुठे न्यायचा?" वस्तादिणीने भोळाभाबडा चेहरा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लेक कामावर असताना, दोघं खाली उतरली. ट्रक तिने काखोटीला मारला होता आणि रिमोट मुद्दाम त्यांच्या हातात दिला होता. फाटकापासून गल्ली सरळ कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जायची. वस्तादांनी तिकडे पाहिलंच नाही. ट्रक जमिनीवर ठेवला, खटका दाबला, आणि गाडी निघाली! काय ऐटीत निघाली! डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. वस्तादांची मान ताठ झाली. थोडी दूर नेऊन त्यांनी ती झोकात वळवली आणि घराकडे तोंड केलं.

आणि तिथेच घात झाला. गाडी डाव्या भिंतीकडे सरकायला लागली, म्हणून त्यांनी ती उजवीकडे घेतली. ती आणखी डावीकडे गेली. त्यांनी आणखी उजवीकडे घेतली. धाडकन भिंतीवर! बंपर गळून पडला.

"वस्ताद, ब्रेक लावा, ब्रेक!" टपरीवरून कुणीतरी ओरडलं आणि दोघेतिघे हसले.

वस्तादांचा चेहरा उतरला. "खेळण्यातलीसुद्धा जमत नाही आता," असं पुटपुटून त्यांनी रिमोट तिच्या हातात कोंबला आणि जिन्याकडे वळले.

आता वर गेले की पुन्हा खाली येणार नाहीत, हे वस्तादिणीला स्वच्छ दिसत होतं. गाडी तरी आणू दे, म्हणून तिने खटका दाबला.

गाडी भिंतीपासून मागे झाली, सरळ झाली, आणि खड्डा चुकवून, विजेचा खांब चुकवून नाकासमोर चालत तिच्या पायाशी येऊन थांबली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच रिमोट हातात धरला होता. तिचं तिलाच नवल वाटलं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर वस्ताद थबकले होते. "कुठे शिकलीस?"

"शिकते कुठली! गाडी आपल्याकडे तोंड करून आली की तिचं डावं ते आपलं उजवं, एवढं काय अवघड आहे त्यात?" ती म्हणाली आणि मग बोलता बोलताच तिला उमगलं. "अहो, तुम्ही गाडी घरी आणायचात तेव्हा फाटकात उभी राहून हात कोण दाखवायचं? खांब आणि भिंत यांच्यामधून आत कोण घ्यायचं? तुम्ही आत बसलेले असायचात. तुमचं तोंड आणि गाडीचं तोंड कायम एकीकडे. मी आपली समोर. मी ती समोरूनच बघत आले."

वस्ताद पायरीवरून खाली आले. एकदा गाडीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. "मी कधी बघितलीच नाही," ते म्हणाले. "घरी येताना."

त्यांनी वाकून गाडी उचलली, भिंतीशी पडलेला बंपर खिशात घातला आणि चालायला लागले. थेट कोपऱ्यावर. वस्तादीण फाटकातूनच बघत राहिली. टपरीवर कुणीतरी काहीतरी म्हणालं, वस्तादांनी काहीतरी उलट टोला दिला, हशा पिकला. रस्त्याच्या मधोमध गाडी घराकडे तोंड करून ठेवून ते परत आले आणि फाटकात तिच्या शेजारी उभे राहिले.

"आण," ते म्हणाले.

ती आणायला लागली. गाडी आधी नुसता हिरवा ठिपका होती. मग केबिन दिसली, मग चाकं. वाटेत सायकलवाला आडवा आला, तो जाईपर्यंत ती थांबली, पुन्हा निघाली.

"एवढा वेळ लागतो?" वस्तादांनी विचारलं. "मला आपलं वाटायचं, कोपऱ्यावर वळलो की आलोच घरी."

"लागतो."

"आणि तू रोज अशी उभी राहायचीस?"

"रोज? तुम्ही महिन्यातून दोनदा यायचात," ती म्हणाली. "उभी मात्र मी रोज राहायची."

गाडी पायाशी येऊन थांबली. वस्तादांचे दोन्ही डोळे भरून आले होते, दिसणारा आणि न दिसणाराही. त्यांनी ते पुसले नाहीत. तिच्या खांद्यावर हात ठेवला, चांगला भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

"चल," ते म्हणाले, "टपरीवर चहा घेऊ."

"मी? तिथे? त्या सगळ्या ड्रायव्हर लोकांत?"

"मग? गाडी कोण चालवणार? मला कुठे येते?"

तिने गाडी वळवली, आणि तिच्या मागोमाग दोघंही कोपऱ्याकडे निघाली.