बिब्ब्याचा गुण

धाकट्याच्या बाळंतपणानंतर तुळजाबाईची बोटं सुजायला लागली. आधी सकाळी उठल्यावर तेवढी आखडायची, जात्यावर बसलं की हळूहळू सुटायची. मग मनगटं धरली, मग गुडघे. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटाकडे जाताना डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथं तिचं घर. पाणी खालच्या ओढ्यावरून आणायचं, चुलीसाठी फाटी वरच्या रानातून. दीर-जाऊ मुंबईला. घरात नवरा सयाजी, मुलगी आवडी आणि तिच्या पाठचे दोन लहान मुलगे. म्हणजे काम करणारी बाई एकच.

सयाजी वाईट माणूस नव्हता. भाताची जमीन होती, घर खाऊन-पिऊन सुखी होतं, आणि बायकोच्या दुखण्यासाठी तो वाटेल ते करायला तयार असायचा. फक्त ते करणारा तो असायला हवा आणि चार लोकांना ते दिसायला हवं. त्यानं महाडच्या वैद्यांकडून काढे आणले, गुग्गुळाच्या गोळ्या आणल्या. आंबट बंद केलं, वांगं बंद केलं. देवऋष्यानं उतारा टाकायला सांगितला, तोही टाकला. शेवटी महाडलाच एका नव्या डॉक्टरांकडे तिला नेलं. डॉक्टरांनी तिचं एकेक बोट दाबून पाहिलं.

"हा सांध्यांचा जुनाट आजार आहे," ते म्हणाले. "मुळापासून जाईल असं औषध माझ्याकडे नाही. दुखणं कमी व्हायला ॲस्पिरिनच्या गोळ्या देतो. पण खरं म्हणजे यांना विश्रांती हवी. दळण, ओझी, गार पाण्यातलं काम, सगळं बंद करा."

परतताना यष्टीत बसल्यावर सयाजी हसला. "औषध नाय म्हणतो, नि स्वतःला डाक्टर म्हणवतो. इस्रांती घ्या! ती काय बाजारात मिळते?"

त्या थंडीत त्यानं तिला महाडजवळच्या सव गावी नेऊन सोडलं. तिथं सावित्री नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत, वातावर ते पाणी चांगलं म्हणून लांबलांबची माणसं येतात. सयाजीची मावशी प्रयागबाई तिथंच एकटी राहायची. मुलं माणसं कुणी नव्हती, त्यामुळे पाहुणी आल्याचं तिला अप्रूप होतं. पहिल्याच सकाळी तुळजाबाई सवयीनं झाडू घ्यायला गेली, तर प्रयागबाईनं तो हिसकावून घेतला.

"पाव्हणी हाईस तू. चुलीकडं आलीस तर बघ."

लग्न झाल्यापासून तुळजाबाईला कुणी असं बसवलं नव्हतं. सकाळी कुंडावर जायचं, गळ्यापर्यंत पाण्यात बसायचं, घरी येऊन आयतं जेवायचं, दुपारी आडवं व्हायचं. थोड्या आठवड्यांत तिची बोटं मोकळी झाली. एक दिवस तिनं स्वतःची वेणी स्वतः घातली आणि प्रयागबाईला पाठ करून दाखवली.

मध्येच प्रयागबाईला ताप आला. घरात पीठ नव्हतं, म्हणून तुळजाबाईनं थोडी नाचणी दळली, विहिरीतून ओढून दोन हंडे पाणी आणलं. संध्याकाळपर्यंत मनगटं टमटमीत सुजली. दुसऱ्या दिवशी ती किती तरी वेळ कुंडात बसली, तरी सूज हलली नाही. मग प्रयागबाई उठून कामाला लागली, हिला पुन्हा बसायला मिळालं आणि सूज आपोआप उतरली. तेव्हा तुळजाबाईला जे कळायचं ते कळलं. गरम पाण्यानं बरं वाटायचं, ते खोटं नव्हतं. पण बोटं सोडवणारं पाणी नव्हतं.

सयाजी न्यायला आला आणि तिचे हात पाहून हरखला. येताना पोलादपूरच्या स्टँडवर ओळखीच्या प्रत्येकाला त्यानं तिचे हात दाखवले. घरी आल्यावर जातं होतं, ओढा होता, भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी तोडलेल्या फांद्या डोक्यावरून आणायच्या होत्या. होळीच्या आत बोटं पुन्हा वाकडी झाली.

"पाण्याचा गुण टिकला नाय," सयाजी म्हणाला.

तुळजाबाईनं धीर केला. "गुण पाण्याचा नव्हता. मावशीनं मला कामाला हात लावू दिला नाय, त्याचा होता. तो डाक्टर बोलला तेच खरं हाय."

 सयाजीनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आवडी पाटी घेऊन निघाली, तर त्यानं तिला ओसरीवरून परत बोलावलं. ती वाडीच्या शाळेत चौथीत होती आणि मास्तर तिला वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावायचे.

"आवडे, पाटी ठेव. आयचे हात गेले. आजपास्नं घर तू बघायचं."

पोरगी रडली नाही. तिनं पाटी फळीवर ठेवली आणि हंडा उचलला. तुळजाबाईला हवी ती विश्रांती मिळाली. ती भिंतीला टेकून बसायची आणि आवडीला जात्याच्या खुंट्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी होऊन जातं ओढताना बघायची. तुळजाबाई मध्येच उठून खुंटा धरायला गेली की सयाजी ओरडायचा, "बस गो! तूच बोललीस ना, इस्रांती पायजे म्हणून!"

नुसतं बसून राहणं हे काही सयाजीच्या दृष्टीनं औषध नव्हतं. घाटाच्या पायथ्याला येसाजी नावाचा एक माणूस बिब्बा घालायचा. बिब्ब्याचं तेल तापवून तो सुईच्या टोकानं सांध्याभोवती ठिपके द्यायचा. कातडी उतली, फोड आले की आतला वात बाहेर पडला म्हणायचा. सयाजी तिला तिकडे घेऊन गेला. येसाजीनं तिच्या दोन्ही मनगटांना, बोटांच्या पेरांना आणि गुडघ्यांना ठिपके दिले. घरी येईपर्यंत आग सुरू झाली. फोड आले, फुटले, त्यातून पाणी गळायला लागलं. तोंड सुजून डोळे मिटले. अंगाला लुगडं लागलं तरी ती किंचाळायची. आवडी तिच्या हातांना खोबरेल लावायची आणि आपणच ओठ चावायची.

जखमा वाळल्या तेव्हा वरची कातडी काळी, कडक झाली होती. आतला ठणका होता तिथंच होता. सयाजी समोर येऊन बसला.

"कसं वाटतंय? खरं सांग."

तुळजाबाईनं चुलीकडे पाहिलं. तिथं आवडी ओलं फाटं फुंकत होती.

"गुण आला," ती म्हणाली.

"मूठ वळते?"

तिनं मूठ वळली. कोपरापर्यंत कळ गेली, पण तिनं ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. "वळते. आता मी करीन घरातलं. आवडीला जाऊ द्या शाळेत."

सयाजीला इतका आनंद झाला की त्यानं त्याच आठवड्यात आवडीला मास्तरांकडे पोचतं केलं. चौथी झाल्यावर ती पोलादपूरच्या शाळेत जायला लागली. आईचं गुपित तिला ठाऊक होतं. तुळजाबाई कोंबडीची अंडी तिच्याजवळ विकायला द्यायची आणि त्या पैशांतून ती बाजारातून ॲस्पिरिनच्या गोळ्या दप्तरात लपवून आणायची. पहाटे गोळी घ्यायची, निखाऱ्यावर हात शेकायचे आणि दळायला बसायचं. पोटात आग पडायची, पण हात तेवढा वेळ चालायचे. रविवारी आवडी सगळं काम स्वतः ओढायची आणि मधूनमधून आईला कविता म्हणून दाखवायची.

येसाजीचं नाव मात्र वाढलं, ते तुळजाबाईच्या हातांवर. कुठून कुठून माणसं विचारत यायची. सयाजी त्यांना ओसरीवर बसवायचा आणि आत हाक मारायचा, "ऐकलंस गो? जरा बाहेर ये. मूठ वळून दाखव." ती पदराला हात पुसत यायची, मूठ वळायची, उघडायची आणि आत जायची. आत गेल्यावर थोडा वेळ तिला पळीसुद्धा धरता यायची नाही.

एकदा शेजारच्या वाडीतली राहीबाई आली. तरणी बाई, पण गुडघे धरले होते. नवऱ्यानं तिला पाठीवर बसवून आणलं होतं. पुरुषांचं बोलणं ओसरीवर चाललं असताना ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली.

"खरं सांग गो बाय. गुण आला?"

तुळजाबाई भाकऱ्या थापत होती. तिनं बाहेरच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "नाय आला. नुसती कातडी जळली. तू जाऊ नको. नवऱ्याला सांग, थोडं बसू दे मला, म्हणावं."

राहीबाई तिच्या हातांकडे बघत राहिली. "मग ह्या भाकऱ्या कोण थापतंय?"

तुळजाबाईला ते सगळं सांगता येईना. सांगायचं तर आवडीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मधे एवढंसं दार होतं. "माझं ऐक," एवढंच ती म्हणाली.

"आपल्याला गुण आला, तो दुसरीला येऊ नये, असंच ना?" राहीबाई म्हणाली. "देव बघतोय हो तुला." आणि भिंत धरत बाहेर गेली.

येसाजीनं घातलेला बिब्बा तिला फारच उतला. पाय मांडीपर्यंत फुगला, मग जखमा चिघळल्या. डोलीतून खाली आणून महाडला नेईपर्यंत बराच उशीर झाला होता. जीव वाचला, पण एक गुडघा वाकला तो वाकलाच. त्यानंतर ती बसूनच सरकायची. येसाजी म्हणाला, पथ्य मोडलं असेल. राहीबाईनं मात्र वेगळंच सांगितलं. निघताना तुळजाबाई आडवं बोलली, तिची दृष्ट लागली, म्हणून औषध उलटलं. राहीबाईचा नवरा वाडीत येऊन, चार लोकांदेखत सयाजीला जाब विचारून गेला.

सयाजी घरात आला. "काय बोललीस तू राहीला?"

"जाऊ नको बोलले. गुण येत नाय, बोलले."

"आणि तुला आला तो?"

"मलाही नव्हता आला. डाक्टरच्या गोळ्या खाऊन काम ओढते मी."

सयाजीनं तिच्या हातांकडे बघितलं. "मग एवढी वर्सं मूठ वळून दाखवत होतीस, ती?"

"आवडीला शाळेत जायचं होतं."

"मी इथं छाती फुगवून लोकांना सांगत होतो." त्यानं ओसरीकडे बोट दाखवलं. "माझ्या शब्दावर लोकं गेली तिकडं. मला काय कळलं नसतं? तू सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं होतं," तुळजाबाई म्हणाली. "सवहून आल्यावर सांगितलं होतं. तुम्ही पोरीची पाटी काढून घेतली."

त्यानं तिच्यावर हात उगारला नाही. तो उठून शेताकडे निघून गेला आणि जेवायला आला नाही. सकाळी आवडी दप्तर घेऊन निघाली. ती सातवीत होती, परीक्षा उन्हाळ्यात व्हायची होती. सयाजी ओसरीवर बसला होता. "घरात जा," तो म्हणाला. "तुझ्या आयला बरं नाय."

तुळजाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "एवढी परीक्षा होऊ दे तिची. मी करते सगळं. मी करतेच हाय."

"कसं करतेस ते कळलं आता," सयाजी म्हणाला. "माझ्या घरात बायको गोळ्या खाऊन दळते, हे लोकांनी बघायचं राहिलं." त्यानं दप्तर घेतलं आणि माळ्यावर टाकलं.

आवडी आता मोठी झाली होती. जातं तिला लोंबकळून ओढावं लागत नव्हतं. दळण संपल्यावर तिनं पीठ टोपल्यात भरलं आणि आईकडे न बघता विचारलं, "आये, तू राहीमावशीला सांगितलंस कशाला?"

"तिचं वाटोळं झालं असतं गो."

"झालंच ना." आवडीनं हातावरचं पीठ झटकलं. "तिचंही झालं नि माझंही. एवढी सगळ्यांशी खोटं बोललीस, अजून एकीशी बोलली असतीस."

तुळजाबाईनं टोपल्याशेजारी सांडलेलं पीठ बोटांनी गोळा केलं.

दोन पावसाळे तुळजाबाई बसून होती. बोटं थोडी सुटली. सयाजी कुणाला काही दाखवायला बोलवेनासा झाला आणि तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला. तिसऱ्या वर्षी आवडीचं लग्न पाचाडच्या एका घरात झालं. घर मोठं होतं, माणसं पुष्कळ होती, तिथं तिला उसंत नसायची. माहेरी ती फारशी आली नाही. आली की आईच्या हातांना तेल लावायची, पण बोलायची नाही.

ती गेल्यावर मुलगे शाळेत जात होते आणि घरात दुसरी बाई नव्हती. लग्नाला आलेली माणसं पांगली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजाबाई जात्यापाशी जाऊन बसली. सयाजी जागा होता. त्यानं तिला थांबवलं नाही.