डार्करूमवाल्याचा पहिला रोल

“ताई, खिडकीकडे पाठ नको करूस गं. तोंड काळं येईल.”

“मी इथून उठणार नाही. एवढ्या उशा लावून कुठं जबडा टेकलाय. काय करायचं ते तूच कर.”

बारक्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. बारक्या आता चांगला पन्नाशीच्या पुढचा होता. पण नाव ताईने ठेवलेलं, त्यामुळे बदलायची सोय नव्हती. उभा जन्म त्याने स्टुडिओच्या डार्करूममध्ये घालवला होता. स्टुडिओच्या मालकाने, शेठने, फोटो काढायचे आणि बारक्याने लाल दिव्याखाली ते कागदावर उतरवायचे, अशी वाटणी. कॅमेऱ्याचं बटण त्याने स्वतः कधी दाबलं नव्हतं, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

आणि उद्या सकाळी ताईचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर डावीकडचा निम्मा जबडा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. ताईने ऐकून घेतलं, रडली नाही, आणि बारक्याजवळ एकच गोष्ट मागितली. “आत्ताचा माझा एक फोटो काढ. पुढं जे मला बघतील त्यांना कळू दे, मी कशी होते ते.” तो शेठला आणतो म्हणाला तर ती उसळली. “परक्या माणसापुढं हे सुजलेलं तोंड घेऊन बसू होय मी? तूच काढ.”

शेठने कॅमेरा देताना भरपूर बजावलं होतं. “ही मोठी चकती ‘पी’ अक्षरावर ठेव, सगळं कॅमेराच बघेल. ‘ए’वर ठेवलीस तर भिंगाचं भोक केवढं उघडायचं ते तू ठरवायचं, ‘एस’वर ठेवलीस तर किती वेळ उघडायचं ते तू ठरवायचं. आणि ‘एम’च्या वाटेला जाऊच नकोस. तिथं सगळं तुझ्याच माथी.”

पण ‘पी’वर ठेवलं तर कॅमेरा खिडकीच्या उजेडाला भुलणार, हे बारक्याला पक्कं ठाऊक होतं. खिडकीपुढचे असे काळेठिक्कर चेहरे त्याने आयुष्यभर छापले होते. त्यावर उपाय म्हणून वरच उजेड कमी-जास्त करायची एक छोटी चकती होती, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. ताईचा चेहरा उजळ यायला हवा होता. त्याच्या अंगठ्याने जरासुद्धा विचार न करता चकती उणेकडे फिरवली, पार टोकापर्यंत. मग देवाचं नाव घेऊन त्याने अख्खा रोल संपवला.

संध्याकाळी ताईला वॉर्डात पोचवून तो तसाच डार्करूममध्ये शिरला. फिल्म धुतली आणि दिव्यासमोर धरली. खिडकी उमटली होती. खिडकीपुढे जिथे ताई असायला हवी तिथे फिल्म कोरी होती, काचेसारखी आरपार.

तो स्टुलावर बसला. कागदाला उजेड जास्त दिला की फोटो काळा होतो. चेहरा उजळायचा तर उजेड कमी करायचा. आयुष्यभर त्याचा हात हेच करत आला होता. कॅमेऱ्यातल्या फिल्मचं गणित नेमकं याच्या उलटं, हे डोक्याला ठाऊक होतं, पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सकाळी तो चेहरा राहणार नव्हता. त्याने नवा रोल भरला आणि दवाखान्याकडे धाव घेतली.

भेटायची वेळ संपत आली होती.

“आले का चांगले?” ताईने विचारलं.

“एकही नाही.” खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं होतं, पण जीभ वळेना. “मी चकती उलटी फिरवली, ताई.”

“मग परत काढ. मी काय कुठं पळून चाललेय?”

वॉर्डात उजेड म्हणजे एक मिणमिणती ट्यूबलाइट. बारक्याने मोठी चकती ‘एम’वर आणली. भोक होतं नव्हतं तेवढं उघडलं आणि आतली उजेड मोजणारी सुई मध्यावर येईपर्यंत वेळ वाढवत नेला. एवढा वेळ हातात धरला तर कॅमेरा थरथरणारच, म्हणून तो जेवणाच्या ट्रॉलीवर टेकवला. “श्वास रोखून धर. पापणीसुद्धा हलवू नकोस.” ताई दगडासारखी बसली. एक काढला, दुसरा काढला.

“चला, वेळ संपली,” सिस्टर दारातून ओरडली.

“का रे,” ताई म्हणाली, “आता तरी बरोबर फिरवलंस ना? जन्मभर लोकांची तोंडं उजळलीस आणि बहिणीचं तेवढं पुसून टाकलंस!” आणि ती हसली. दुखतंय हे विसरून, जबड्यावरचा हात काढून खळखळून हसली. बारक्याने बटण दाबलं. दाबतानाच त्याला कळलं, हा फोटो हललेला येणार.

ऑपरेशननंतर ताईला भेटायची परवानगी मिळाली तेव्हा तिच्या अर्ध्या तोंडावर पट्ट्या होत्या. बोलता येत नव्हतं. बारक्याने दोन फोटो तिच्या हातात दिले. एकात सगळं स्वच्छ आलं होतं, हनुवटी, गालावरचा तीळ, कपाळावरची आठीसुद्धा. दुसऱ्यात डोळे तेवढे दिसत होते आणि खालचा चेहरा हसण्यात विरघळून गेला होता. “हा हललाय,” तो ओशाळून म्हणाला. “पण टाकवेना.”

ताईने स्वच्छ फोटो कितीतरी वेळ पाहिला. डावा गाल बोटाने चाचपावा तसा फोटोवरचा गाल चाचपला. मग तो बारक्याच्या खिशात सरकवला आणि हललेला पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवला, दाराकडे तोंड करून.

थोड्या वेळाने सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली. आपण आलो की ताई चादर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे वळते, असं सिस्टरने बारक्याला बाहेरच सांगितलं होतं. आताही ताईने चादर ओढलीच. पण सिस्टरची नजर फोटोवर गेली.

“अगंबाई, तुम्ही अशा हसता होय?”

ताईने चादर सोडली आणि तोंड सिस्टरकडे केलं.