मी सील तुटलेला गेमचा डबा

मी गेम कन्सोल बोलतोय. हसनाबादला भागवतरावांच्या घरात, टीव्हीखालच्या फळीवर माझी जागा आहे. खोक्यावर माझं नाव इंग्रजीत आणि लांबलचक छापलं होतं, पण या घरात मला सगळे 'डबा' म्हणतात. मला ते आवडतं. डबा म्हटला की तो कधीतरी उघडायचाच असतो, आणि माझं सगळं भाग्य मला कुणीतरी उघडलं यातच आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कितीतरी हातांनी मला जोडलं. शेवटच्या हातानं माझ्या पाठीवरच्या स्क्रूवर एक चकचकीत चिकटपट्टी लावली. ही काढली तर हमी संपेल, असं तिच्यावर लिहिलं होतं. ते सील मी मोठ्या तोऱ्यात मिरवायचो. मला आतून कुणी हात लावू शकत नाही, म्हणजे मी कुणीतरी बडा आहे, अशी माझी समजूत होती.

माझं पहिलं घर जालना शहरातलं. जगन्नाथराव सरकारी कचेरीत अधिकारी होते. त्यांच्या मुलासाठी, अपूर्वसाठी, मी आलो. अपूर्वनं माझे फार लाड केले. खेळून झालं की तो मला पुसून ठेवायचा, आणि त्याची आई प्रेमलाताई माझ्यावर स्वतः विणलेला रुमाल घालायच्या. माणसांचं हे मला नेहमी गमतीचं वाटतं. एखादी वस्तू आवडली की ती आधी झाकतात. माझ्या पोटातली गरम हवा बाहेर पडायला वाट लागते, हे मी त्यांना कसं सांगणार? पुढं अपूर्वला पुण्यात नोकरी लागली आणि मी रुमालासकट कपाटात गेलो. तिथं मी नुसता काळोख ऐकत पडून राहिलो.

मला तिथून बाहेर काढलं ते सोमेश्वरनं. तो अपूर्वचा कॉलेजातला दोस्त. जालन्यात एका बियाणं कंपनीत कामाला होता आणि सुटीला हसनाबादला घरी जायचा. त्याच्या धाकट्या बहिणीची, दैवशालाची गोष्ट त्यानं अपूर्वला फोनवर सांगितली होती.

दैवशाला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. दिवाळीच्या सुटीत घरी आली तेव्हा शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. भागवतराव मळणीयंत्रात पेंढ्या घालत होते, ती त्यांच्या हाताशी पेंढ्या देत होती. एक पेंढी तोंडाशी अडकली. ती सरकवायला दैवशालानं हात पुढं केला, आणि यंत्रानं तो ओढून घेतला. तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला.

दवाखान्यातून आल्यावर ती आतल्या खोलीत बसून राहू लागली. आयटीआय सुटलं. हत्यारांची पिशवी तिनं आईला माळ्यावर टाकायला लावली. भागवतराव तिच्याशी बोलायचे ते भिंतीकडं बघून. हे सगळं ऐकल्यावर अपूर्व म्हणाला होता, आमच्या कपाटात माझा गेम पडलाय, तो तिला नेऊन दे. प्रेमलाताईंनीच मला पुसून खोक्यात भरलं.

हसनाबादला मला टीव्हीला जोडलं तेव्हा सगळं घर जमलं होतं. सोमेश्वरनं हौसेनं कंट्रोलर दैवशालाच्या हातात दिला. तिनं तो डाव्या हातात धरला, उलटून पालटून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, ह्याला दोन हात लागतेत."

सोमेश्वरनं तारा, टीव्ही, वीज, सगळ्याचा विचार केला होता. एवढा एक विचार राहून गेला होता. तो उठून अंगणात निघून गेला. जिंकणाऱ्यांची ओरड मी पुष्कळ ऐकली होती, हरणाऱ्यांचा त्रागाही ऐकला होता. खेळ सुरू होण्याआधीच कुणी हरलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच वेळी मी बंद पडलो. कपाटातल्या धुळीनं माझा पंखा गच्च झाला होता. अंग तापलं आणि दिवा विझला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दैवशाला उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं डावा तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

"भट्टी झाली ह्याची," ती म्हणाली. "आतला पंखा फिरून न्हाई राह्यला. माय, माझी पिशवी काढ बरं माळ्यावरून."

तिची आई द्वारकाबाई अशा लगबगीनं उठल्या की पदर दाराच्या कडीत अडकला, तरी थांबल्या नाहीत.

दैवशालानं मला जमिनीवर ठेवलं, दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट धरलं आणि डाव्या हातानं स्क्रू फिरवायला घेतले. सील फाटलं. मी भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. मग झाकण निघालं आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा माझ्या आतड्यांना मोकळी हवा लागली. तिनं ब्रशानं धूळ काढली, पंख्याच्या दांडीत अडकलेले रुमालाचे धागे ओढले, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. झाकण बसवून बटण दाबलं तसा मी इतका हलका चाललो की मलाच माझा आवाज ओळखू येईना.

त्या दिवसापासून ती खोलीत बसेनाशी झाली. अपूर्वचा कंट्रोलर मात्र तिनं उघडला नाही. धूळ काढणं वेगळं; तो त्याचा आहे, बिघडला तर काय तोंड दाखवायचं, असं तिचं म्हणणं. सोमेश्वरनं बाजारातून एक साधा, बिननावाचा कंट्रोलर आणला. तो तिनं उघडला. त्याच्या उजव्या बाजूच्या बटणांना तारा जोडल्या, आणि त्या तारांची दुसरी टोकं दारावरच्या बेलच्या बटणांत नेली. ती बटणं एका फळीवर ठोकून फळी पायाखाली घेतली. उजवीकडची फिरती दांडी वर उचलून अशी बसवली की कोपरापुढं उरलेल्या हातानं ती हलवता येईल. किती तारा जळाल्या, किती वेळा तिनं ते उचकटून पुन्हा जोडलं, मी बघत होतो. पहिल्यांदा तिनं फुटबॉलचा गोल केला तेव्हा ती हसली, आणि स्वयंपाकघरात द्वारकाबाई चुलीपुढं बसून रडल्या. नंतर गल्लीतल्या मुली यायला लागल्या. दोन हातांच्या मुलींना ती हरवू लागली.

मग माझ्याच तोंडून वाईट बातमी आली. कंपनी अधूनमधून मला नवं काहीतरी शिकवते. इंटरनेटच्या तारेवाटे येतं आणि माझ्यात मुरतं. त्या खेपेला जे आलं त्यानं मला शिकवलं की ज्याच्यावर कंपनीची मान्यता नाही ते ओळखायचं आणि अडवायचं. पडद्यावर मजकूर उमटला, हे साहित्य अनधिकृत आहे. दैवशाला फळीवरची बटणं दाबत राहिली. तिचे पाय मला कळत होते, पण उत्तर द्यायची मला मुभा नव्हती. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

सोमेश्वर मला मोठ्या शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. काउंटरवरच्या माणसानं मला पालथं केलं, फाटलेलं सील पाहिलं आणि परत सरकवलं. तुम्ही हे उघडलंय, यात फेरफार केलाय, हे नियमात बसत नाही, केससुद्धा होऊ शकते, असं तो म्हणाला.

'केस' हा शब्द घरात आला आणि भागवतरावांचा धीर सुटला. पोरीनं एवढं सोसलं, आता तिला कोर्टाची पायरी चढायला लावू का, असं म्हणत त्यांनी मला खोक्यात भरलं. जालन्याला परत देऊन टाका, म्हणाले. दैवशालानं वाद घातला नाही. हत्यारांची पिशवी तिनं गुंडाळली, आणि ते बघून द्वारकाबाई उभ्या राहिल्या. परत द्यायचं तर देऊ, पण आधी जाणत्या माणसाला विचारू, असं त्यांनी बजावलं.

त्यांचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. तिथलीच एक मुलगी, प्रियदर्शनी, भोकरदनला वकिली करत होती. गावच्या नात्यानं ती द्वारकाबाईंना आत्या म्हणायची. सगळे तिच्याकडं गेले आणि मलाही टेबलावर ठेवलं.

तिनं आधी चहा मागवला. मग बटणांची फळी खाली ठेवून स्वतः पायानं दाबून पाहिली. मग विचारलं, "मामा, हा डबा कुणाचा?"

"जालन्याच्या पोराचा हाये," भागवतराव म्हणाले.

"त्यानं उसना दिला का कायमचा?"

हे विचारून घ्यायला सोमेश्वरनं तिथूनच पुण्याला फोन लावला. अपूर्वला आधी प्रश्नच कळेना. कळल्यावर तो म्हणाला, "दैवशाला, तो तुझा आहे. कंट्रोलरपण तुझा. उघड, तोड, काय वाटेल ते कर. मी विचारायलासुद्धा येणार नाही."

मी किती घरं, किती हात पाहिले, पण मी कुणाचा हे कुणी असं मोठ्यानं विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

"मंग ऐका," प्रियदर्शनी म्हणाली. "वस्तू हिची. ती उघडणं, पंखा साफ करणं, आपल्या हातापायाला जुळवून घेणं, ह्याच्यात मला तरी गुन्हा दिसत न्हाई. कंपनी म्हणंल हमी संपली. ऑनलाइन खेळू देणार न्हाई, असंबी म्हणंल. तिच्या करारात तसं असतंय. पण हमी जाणं येगळं आन् गुन्हा होणं येगळं."

मग तिनं दैवशालाला विचारलं की आतलं कुलूप फोडून चोरीचे खेळ घातले आहेत का. कायदा आडवा येतो तो तिथं, म्हणाली, कारण डबा आपला असला तरी आतला खेळ ज्यानं बनवला त्याचा असतो. दैवशालानं नकारार्थी मान हलवली. तिनं फक्त बटणं लावली होती. आणि माझ्यात बसवलेली ती नवी अडवणूक चुकवायची म्हटलं तर, असं दैवशालानं विचारलं. त्यावर वकीलबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की तिथं वाट धूसर आहे, हेतू बघितला जातो, पण अशा प्रकरणाचा निकाल आपल्या वाचनात नाही; दुसरा रस्ता असेल तर तो धर.

दुसरा रस्ता होता. अपूर्वचा कंट्रोलर कंपनीचाच होता, त्याला मी अडवणार नव्हतो. तो उघडून त्यातच तारा जोडल्या की झालं. आता तो दैवशालाचा होता.

पण त्याच्या आतली सर्किटची पाटी फार नाजूक निघाली. पायात धरली तर वाकत होती. सोमेश्वर कामावर गेलेला, द्वारकाबाई शेतात. भागवतराव एकटेच ओसरीवर बसले होते.

"बाबा," दैवशालानं हाक मारली. "इथं येऊन धरा."

ते आले, पण हात पुढं करेनात. माझा हात लागला तर बिघडेल, म्हणाले. ती म्हणाली, न्हाई बिघडत, मी सांगते तसं धरा. त्यांनी पाटी दोन बोटांत धरली. तापलेली सोल्डरिंगची सळई त्यांच्या नखाजवळ आली, धूर निघाला, पण त्यांनी हात मागं घेतला नाही. एक तार बसली. दुसरी बसली.

मग खाली बघतच ते म्हणाले, "त्या दिवशी मी मशीन बंद कराया पाहिजे होतं."

दैवशालानं डोळे वर केले नाहीत. "हात मी घातल्ता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बराबर धरलंय. आता हलू नका, एकच राह्यली."

ती शेवटची तार त्या दोघांनी मिळून जोडली. मला चालू केलं तेव्हा मी कंट्रोलर ओळखला आणि कुठलाही मजकूर न दाखवता सरळ खेळ सुरू केला. भागवतराव उठून गेले नाहीत. मुलीशेजारी बसले आणि कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिले. भिंतीकडं नाही, तिच्याकडं.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. दैवशाला पुन्हा आयटीआयला जाते. मध्यंतरी एक मोबाइलचा दुकानदार घरी आला होता. डब्यांची कुलपं फोडून त्यात चोरून उतरवलेले खेळ भरून दे, खूप काम देतो, म्हणाला. तिनं चहा पाजून त्याला नकार दिला. "खेळ बनवणाऱ्यानंबी हातानंच बनवलाय," एवढंच म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला. तिनं स्वतःचा हक्क सोडला नाही आणि दुसऱ्याचा घेतलाही नाही.

आता मी म्हातारा होत चाललोय. खेळाची तबकडी वाचायला वेळ लागतो. कंपनी मला नवं काही शिकवत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. ज्या अनोळखी हातांनी मला जोडलं त्यांचे उपकार, अपूर्वचे उपकार, प्रेमलाताईंच्या रुमालाचेसुद्धा उपकार. तुमच्याही घरात माझ्यासारखं काही बंद पडून असेल. ते फेकण्याआधी एकदा उघडून बघा, आणि ज्याला जसं लागतं तसं त्याला करून द्या. आमची त्याला ना नसते.

एक दिवस माझा दिवा लागणार नाही. तेव्हा दैवशाला मला पुन्हा जमिनीवर ठेवील, स्क्रू काढील आणि माझा पंखा, माझ्या तारा दुसऱ्या कुणासाठी वापरील. तिला कुणाला विचारायची गरज नाही. मी तिचा आहे.