तीन राण्यांचा नवरा

मी भवरगडचा खांडा बोलतोय. तलवार म्हणू नका, मला राग येतो. तलवार वाकडी असते. मी सरळ, रुंद, दोन्ही बाजूंनी धारेचा, आणि मुठीवर चांदीचं काम. सध्या मुक्काम कॅनडात, स्कारबरोला, नाओमी पेणकर यांच्या हॉलमध्ये, इलेक्ट्रिक फायरप्लेसच्या वर. बटण दाबलं की खाली खोट्या ज्वाळा नाचतात आणि माझ्या पाठीला खरी ऊब लागते. या वयात आणखी काय हवं?

तुम्हाला वाटलं असेल, आता हा लढायांच्या गोष्टी सुरू करणार. माफ करा, मी जन्मात एकही लढाई पाहिलेली नाही. दर दसऱ्याला एक कोहळा कापायचो, तोही बिचारा काही बोलायचा नाही. माझं काम वेगळं होतं. मी नवरदेव होतो. माझी तीन लग्नं झाली, तिन्ही राण्यांशी.

हसू नका, नीट सांगतो. भवरगड म्हणजे खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बावीस गावांचं राजपूत संस्थान. घराण्याचा मूळ पुरुष शत्रूचा पाठलाग करत मेवाडहून इथवर आला, असं भाट गायचे. मला घडवणारा लोहार मात्र भट्टीपाशी म्हणायचा, तो वाट चुकला आणि परत जायला लाजला. इंग्रजांनी भवरगडला एकाही तोफेची सलामी दिली नाही, तेव्हा आमच्या वेळच्या राणाजींनी दोन तोफा आणून स्वतःच स्वतःला सलामी द्यायला सुरुवात केली. त्यांतली एक उडायची. हत्ती एकच, म्हातारा, भर मिरवणुकीत फतकल मारून बसायचा.

पण रुबाब असा, की लग्नासाठी राणाजी मुलीच्या दारी जायचे नाहीत. कमीपणा येतो म्हणे. ते मला पाठवायचे. मला पालखीत बसवायचे, मुंडावळ्या बांधायचे, मुलीच्या शेल्याची गाठ माझ्या मुठीला मारायचे, आणि मुलगी माझ्याबरोबर फेरे घ्यायची. मग ती सासरी आली की राणाजी आपल्या हातानं गाठ सोडायचे आणि तिथून पुढे ते नवरे. गाठ सुटेपर्यंत नवरा मी. दुसऱ्या कुणी ती सोडायची नाही, असा दंडक होता.

पहिल्या लग्नात राणाजी मोहिमेवर आहेत असं सांगितलं होतं. कसली मोहीम? वरच्या मजल्यावर आंबे खाऊन पडले होते. दुसऱ्या लग्नात नवरीनं गुपचूप मला चिमटा काढून पाहिला, आणि स्वतःचंच बोट कापून घेतलं. मला मजा वाटायची. चार दिवस हारतुरे, अत्तर, बायकांची थट्टामस्करी. आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

तिसरी गुलाबकुंवर. सोळा वर्षांची, भारी बोलकी. परतीच्या वाटेवर पालखीत माझ्याशी बोलत बसायची. तुम्ही घोरता का, तुम्हाला राग येतो का, मला माहेरी कधी धाडाल. आम्ही वेशीपाशी पोचलो तर तोफ नाही, हत्ती नाही. आदल्या दिवशी राणाजी तापानं गेले होते. गुलाबकुंवर सकाळी नवरी होती आणि दुपारी विधवा झाली. गाठ सोडणारा माणूस राहिला नाही, म्हणून गाठ तशीच राहिली. तिनं वीतभर शेला कापला, गाठ माझ्या मुठीवरच राहू दिली आणि मला घेऊन मागच्या खोलीत राहायला गेली. तिनं राणाजींचा चेहराही पाहिला नव्हता.

तिचा दीर गादीवर आला, आणि दोन वर्षांनी त्यानं तेरा वर्षांची एक मुलगी ठरवली. तो महाआळशी. म्हणाला, खांडा काढा, ती जुनी गाठ कापून टाका. गुलाबकुंवरच्या पोटात त्याच दिवशी दुखायला लागलं. संस्थानचे डॉक्टर एलिशा पेणकर, मूळचे कोकणातले बेने इस्रायल ज्यू, तपासायला आले. पडद्याआडून तिनं मला पुढे केलं. म्हणाली, "डॉक्टर, याला घेऊन जा. गाठ कुणालाही सोडू देऊ नका. गाठ आहे तोवर हा माझा नवरा आहे, दुसऱ्या पोरीच्या गळ्यात नको."

डॉक्टर सज्जन माणूस, पण माझी लांबी बघा. भर वैशाखात ते ओव्हरकोट घालून, मला आत दडवून, एक पाय ताठ ठेवून राजवाड्याबाहेर पडले. पहारेकऱ्यानं विचारलं तर म्हणाले, गुडघा धरलाय. मग दिराला झक मारत स्वतः घोड्यावर बसून लग्नाला जावं लागलं. वाटेत दोनदा पडला, असं डॉक्टरांच्या घरी ऐकलं. मी जन्मात इतका हसलो नव्हतो.

डॉक्टरांनी खरी गोष्ट कुणाला सांगितली नाही, घरच्यांनासुद्धा नाही. बाईचं नाव उघडं पडलं असतं. त्यामुळे पेणकर समजतात की आजोबांनी राजाचा जीव वाचवला आणि मी बक्षीस मिळालो. भवरगडवाले समजतात की डॉक्टरांनी मला पाहायला म्हणून नेलं आणि विसरले. तरी दोन्ही घरांचा घरोबा टिकला. पत्रं गेली, फोन आले. आजही राणीसाहेब मंदाकिनीबाई, म्हणजे त्या घोड्यावरून पडलेल्या दिराच्या सूनबाई, नाशिकच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून दर दिवाळीला नाओमीला फोन करतात, आणि पाचव्या मिनिटाला म्हणतात, "आणि आमचा खांडा कसा आहे?"

डॉक्टरांच्या या नातीनं, नाओमीनं, मला १९७४ मध्ये पडद्याच्या दांड्यांत बांधून कॅनडात आणलं. तिच्या नवऱ्यानं, योआवनं, एकदा मला घेऊन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. त्यावर मी काही बोलणार नाही. नात तोवा हिच्या वाढदिवसाला माझ्याकडून केक कापून घेतात. "आज्जी, दॅट्स लिटरली अ वेपन," ती म्हणते, आणि मग मोठा तुकडा घेते. घरात नियम एकच. मुठीवरच्या चिंधीला हात लावायचा नाही, आजोबांनी बजावलंय. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वी मंदाकिनीबाईंचा नातू पृथ्वीराज इथे कॉलेजात आला आणि नाओमीच्या बेसमेंटमध्ये राहू लागला. पोरगा लाघवी. आता टायरच्या दुकानात नोकरी करतो, स्नो पडला की न सांगता ड्राइव्हवे शोव्हल करतो, नाओमीला मावशी म्हणतो. फक्त मित्र आले की मला दाखवून सांगतो, "धिस किल्ड फॉर्टी मेन." मी गप्प बसतो. कोहळ्यांचा आकडा म्हणाल तर चाळीसच्या वर जाईल.

त्याचं लग्न ठरलंय कादंबरीशी. नाशिकची, फिजिओथेरपिस्ट. दोघांनीच ठरवलं, घरच्यांनी मान डोलावली. पण त्याचं वर्क परमिट संपलंय, नव्याचा अर्ज पेंडिंग आहे, आणि पीआरचाही, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा. तोवर इथेच राहून काम करायला मुभा आहे. देश सोडून गेला तर परत येऊन काम करता येईल याची खात्री नाही. इकडे मंदाकिनीबाईंचा हट्ट, की सिंहस्थ लागायच्या आत लग्न उरका, मग वर्षभर मुहूर्त नाही. आणि त्यांनाच उपाय सुचला. नाओमी मे महिन्यात अलिबागला भाचीकडे जाणारच होती. तिच्याबरोबर खांडा पाठवा. कादंबरी भवरगडच्या रिवाजानं फेरे घेईल, कागद होतील, मग पृथ्वी तिला स्पॉन्सर करेल.

खरं सांगतो, मी हुरळलो. पंच्याऐंशी वर्षं झाली होती मुंडावळ्या बांधून. गुलाबकुंवरची आठवण आली, नाही असं नाही. पण म्हटलं, एक लग्न आणखी, काय बिघडतंय? म्हातारपणी माणसाचं होतं ते माझं झालं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. तिकडे संध्याकाळ. नाशिकच्या सोफ्यावर मंदाकिनीबाई आणि शेजारी कादंबरी. इकडे नाओमी, तोवा, पृथ्वीराज, आणि डायनिंग टेबलावर बबल रॅपवर आडवा मी.

"आजीसाहेब, मी एक वाचलंय," कादंबरी हळूच म्हणाली. "ज्या लग्नाला नवरा स्वतः हजर नाही, ते लग्न कॅनडा स्पॉन्सरशिपला धरत नाही. असं लग्न झालं तर माझा अर्ज अडकेल. मी इथेच राहीन, तो तिथेच."

"अगं, ते फोनवरच्या लग्नाचं असेल," पृथ्वीराज म्हणाला. "हा खांडा आहे. कल्चरल आहे. आपण लेटर जोडू."

"पृथ्वी, आय डोन्ट थिंक दे हॅव अ बॉक्स फॉर सोर्ड," तोवा म्हणाली.

"भवरगडचा रिवाज दोनशे वर्षांचा आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यांचा देश केवढासा जुना? मी सांगते तसं करा. नाओमी, मूठ दाखव बाई. चांदी शाबूत आहे ना?"

कादंबरीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला तो पडलेला चेहरा ओळखीचा वाटला आणि माझा उत्साह तिथेच संपला. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

पृथ्वीराजनं मला उचलून फोनपुढे धरलं. "आजीसाहेब, ही चिंधी काढून पॉलिश मारतो, थांबा."

"हात लावू नकोस," नाओमी म्हणाली. "आजोबांनी बजावलंय."

"थांब," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "जवळ आण. अजून जवळ."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही काकीसाहेबांची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "गुलाबकुंवर काकीसाहेब. उरलेला शेला त्यांच्या उशाशी असायचा, हाच काठ. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या जाईपर्यंत मी त्यांचं ताट मागच्या खोलीत नेत होते. सतरा वर्षं. मी विचारायचे, काकीसाहेब, बऱ्या आहात ना? त्या हसून म्हणायच्या, माझा नवरा डॉक्टरांकडे सुखरूप आहे. आम्हाला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय."

नाओमीनं पदर नसतानाही खांद्यावरची शाल डोळ्यांना लावली. "म्हणजे बक्षीस नव्हतं," ती म्हणाली. "आजोबा लबाडच म्हणायचे."

"गाठ सुटली नाही म्हणजे हा अजून काकीसाहेबांचा," मंदाकिनीबाई पुटपुटल्या. "याचं लग्न लावता येत नाही."

"पण गादीचा वारस आता मीच ना," पृथ्वीराज म्हणाला. "मी सोडतो." आणि त्याची बोटं गाठीवर आली.

"पृथ्वी, सोडू नकोस," कादंबरी म्हणाली.

"का?"

"त्यांनी ती माझ्यासाठी ठेवलीय."

पृथ्वीराजनं बोटं काढून घेतली. त्याचे कान लाल झाले. तोवानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मंदाकिनीबाईंनी कादंबरीकडे वळून पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी तिला विचारलं, "पोरी, तो परवानगी मिळाल्यावर स्वतः येईल. सिंहस्थाचं मी बघते, देवाला म्हणेन, दोष माझ्या नावावर लिही. तू थांबशील?"

"थांबेन," ती म्हणाली, आणि स्क्रीनवर दोनदा बोट टेकवलं. "याच्यासाठी थांबेन. त्याच्यासाठी नाही." पहिलं बोट पृथ्वीराजकडे होतं, दुसरं माझ्याकडे. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तर मी पुन्हा फायरप्लेसच्या वर आहे. परमिट अजून यायचंय. पृथ्वीराज हल्ली मित्रांना चाळीस माणसं सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "ही इज मॅरीड इन्टू अवर फॅमिली," आणि विषय बदलतो.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे लग्न असेल तर मला जरूर बोलवा, कोपऱ्यात उभा राहीन, फोटोत येईन. ओळख करून देताना मात्र शूर, पराक्रमी असलं काही सांगू नका. सांगा, हा गुलाबकुंवरचा नवरा. तिनं याला अजून सोडलेलं नाही.