थंड ब्रेक

गाडीचं पुढचं डावं चाक काढून टर्नरने भिंतीला टेकवलं, बंपरची वाकलेली पट्टी सरळ करायला तो खाली बसला, आणि हातोडी हातातच राहिली.

चाकामागे ब्रेक दिसत होता. ब्रेकच्या दोन्ही पॅडच्या पाठी निळ्या होत्या.

निळे पॅड म्हणजे ट्रॅकचे. आज गुरुवार. ट्रॅक रविवारी. भावोजींनी घाई करून आधीच बसवले असतील, असं त्याने स्वतःला समजावलं. मग उठून तो फळीकडे गेला. तिथे रस्त्यावरच्या पॅडचा पत्र्याचा डबा होता. डब्यावर बोटभर धूळ. आत जाड कागदात गुंडाळलेले चारही पॅड आणि त्यावर तांब्याची तार. तारेला तीन पीळ आणि टोक आत दुमडलेलं. कारखान्यात लेथवर टर्नरचं काम करताना तीस वर्षं तो तार अशीच बांधत आला होता. हे पॅड त्याने स्वतः बांधून ठेवले होते, दोन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी. त्यानंतर ते कोणी सोडलेच नव्हते.

ही पॅडची भानगड जरा सावकाश समजून घ्यावी लागेल. शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे. महिन्यातून एका रविवारी हौशी माणसं तिथे आपापल्या गाड्या पळवतात. बक्षीस नाही, पैज नाही. आपलीच मागची वेळ मोडायची, एवढंच. तिथे इतका जोरात आणि इतक्या वेळा ब्रेक लावावा लागतो की साधे पॅड जळून जातात. म्हणून वेगळे, कडक पॅड लावतात. ते कितीही तापले तरी दगा देत नाहीत. पण इस्त्री थंड असताना कपड्यावर कितीही फिरवा, सुरकुती जात नाही ना, तसंच यांचं असतं. तापल्याशिवाय ते चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला नुसते घासतात, पकडत नाहीत. पहिल्यांदा ब्रेक दाबावा आणि गाडीने ऐकूच नये.

म्हणून टर्नरने नियम केला होता. शनिवारी निळे लावायचे, रविवारी संध्याकाळी काढायचे. एक बाजू त्याची, एक भावोजींची. कारण सोमवारी सकाळी पावणेसहाला तीच गाडी घेऊन त्याची ताई दवाखान्यात कामाला जायची.

गाडी मुळात ताईचीच होती. चाळिशीत ती या गाडीवर चालवायला शिकली. पुढे भावोजी निवृत्त झाले आणि त्यांना ट्रॅकचं खूळ लागलं. गाडी हलकी हवी म्हणून त्यांनी मागची सीट काढली, गालिचा काढला, रेडिओ काढला, आतलं डांबरी अस्तरही खरवडून काढलं. ताई एकदा म्हणाली होती, "सगळं काढून झालं, आता ह्यांचं पोट तेवढं काढायचं राहिलं." पण तक्रार म्हणून नाही. उघड्या पत्र्यावर पिशवी ठेवायची आणि खडखडत निघायची.

दोन महिन्यांपूर्वीच्या त्या सोमवारी दवाखान्याच्या गेटच्या उतारावर गाडी थांबली नाही. गेटवरच्या पहारेकऱ्याचा पाय मांडीत मोडला.

"दाबला रे मी ब्रेक," पहिल्या दिवशी ताई सांगत होती. "अगदी पायात कळ येईपर्यंत दाबला." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी समजूत घातली, घाईत पाय दुसरीकडे पडला असेल. तिसऱ्या दिवशी तीच म्हणायला लागली, "माझाच पाय चुकला." तसं तिने दवाखान्याला लिहूनही दिलं. मग गाडी तपासायला कोण येणार?

"झाली का पट्टी?" भावोजी चहाचे दोन कप घेऊन शेडमध्ये आले. "बंपर लटकत नको. मागच्या खेपेला ट्रॅकवरचा तपासणीवाला हसला मला."

टर्नरने कप घेतला. "भावोजी, त्या रविवारी तुम्ही पॅड बदलले नाहीत."

"कुठल्या रविवारी?"

"माझ्याकडे पाहुणे होते म्हणून मी लवकर गेलो आणि तुम्ही म्हणालात, मी बघतो, त्या रविवारी."

भावोजींनी चहावर फुंकर घातली. एकदा, मग पुन्हा एकदा. "थकलो होतो रे. सात फेऱ्या मारल्या होत्या. म्हटलं, एक दिवस राहिले तर काय बिघडतंय. दोन चौक गेले की तापतात."

"तिच्या वाटेवर चौक कुठे आहेत? पहाटे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पहिला ब्रेक लागतो तोच गेटच्या उतारावर."

"आता मला काय स्वप्न पडलं होतं?"

"तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दुपारी. गाडी ओढून आणली तेव्हा."

"म्हणजे तिने लिहून द्यायच्या आधी."

"तिनेच लिहिलं ते. मी फक्त शब्द सांगितले. हात थरथरत होता तिचा."

 टर्नरने तोंडातला घोट कसाबसा गिळला. चहाला ग्रीसची चव आल्यासारखं वाटलं.

भावोजी स्टुलावर बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, झालं ते झालं. पहारेकऱ्याचा पाय जुळतोय. हिला कुठे खरचटलंसुद्धा नाही. आणि एका परीने बरंच झालं म्हण. ती आता बसने जाते. गाडी आठवडाभर इथेच असते, सेटिंग हलत नाही. दर खेपेला पॅड काढा-घालायची कटकट गेली. मागच्या वेळी अडीच सेकंद कमी लागले, बघितलंस ना?"

टर्नरने ते बघितलं होतं. त्या खेपेला 'पॅड मीच लावलेत' असं भावोजी म्हणाले, तेही त्याने मानलं होतं. हातातल्या घड्याळावर वेळ त्यानेच घेतली होती. मग टोळक्यात उभं राहून भावोजी म्हणाले होते, "आमच्या हिचे दोन्ही पाय एक्सलेटरचेच आहेत," आणि सगळे हसले होते. टर्नरही हसला होता. पोट धरून नाही, पण चांगले दात दाखवून हसला होता. ते आठवलं आणि समोरच्या माणसाची किळस येता येता ती त्याच्या स्वतःच्याच अंगावर येऊन बसली.

"तिला सांगू नकोस," भावोजी म्हणाले. आवाज आता लहान झाला होता. "शेडला कुलूप लावेल ती. या वयात मला दुसरं आहे काय, तूच सांग."

टर्नरने चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला आणि चाकही न बसवता तो निघाला.

शुक्रवारी दुपारची सुट्टी धरून तो दवाखान्यात गेला. गेटवर नवा पहारेकरी होता. आत रक्त तपासणीच्या खोलीबाहेर ताई खिडकीमागे बसून नावं लिहीत होती.

हे दृश्य त्याला बघवत नसे. सव्वीस वर्षं ताईने माणसांची रक्तं काढली. कशीही लपलेली शीर असो, तिला बोटाने सापडायची. लहान मुलांना तर लोक तिच्यासाठी लांबून आणायचे. ती मुलाला विचारायची, "तुमच्या वर्गात सगळ्यात मोठ्यांदा कोण शिंकतं?" मूल आठवायला लागायचं आणि तेवढ्यात काम झालेलं असायचं. दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ तिच्यावर क्वचितच आली. अपघातानंतर तिनेच वरिष्ठांना सांगितलं, मला खिडकीवर बसवा. आज पाय चुकला, उद्या हात चुकेल.

आतून एका लहान मुलीचं रडणं येत होतं. ताईच्या जागी आलेली नवीन पोरगी दुसऱ्यांदा शीर शोधत होती. ताईच्या हातातलं पेन कागदावर टेकून थांबलं होतं.

"बारक्या, तू कसा काय?" ती म्हणाली. बावन्न वर्षांच्या टर्नरला बारक्या म्हणणारी दोनच माणसं उरली होती. "बरं नाही वाटत का?"

"ताई, पाच मिनिटं बाहेर ये."

जिन्याखाली, औषधांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी उभं राहून त्याने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ताई ऐकत होती.  अंगातल्या पांढऱ्या कोटाचं एक बटण तेवढं काढत-घालत राहिली.

"म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"हो."

"आणि मी पहारेकरीकाकांच्या उशाशी बसून दर आठवड्याला त्यांची माफी मागतेय, ती ह्यांनी ऐकलीय. दोनदा तर सोबत आले होते. मला म्हणाले, पुरे आता, किती वेळा मागशील."

टर्नरने एक रिकामं खोकं पायाने बाजूला सारलं.

"ट्रॅकवर ह्यांनी काही सांगितलं का रे माझं? माणसं हसली का?"

"हसली."

"आणि तू?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "मी पण."

ताईने मान हलवली, पेशंटने वय सांगितल्यावर हलवतात तशी. "पॅड काढलेस?"

"नाही. चाकसुद्धा तसंच टाकून आलो."

"चाक बसवतीलच ते. पॅडला तू हात लावू नकोस. तुमच्या कारखान्याचं मागचं आवार रविवारी मोकळं असतं ना?"

"असतं. फोरमनला विचारतो. पण ताई, कशाला? मी सांगतोय ना, तुझी चूक नव्हती."

"चूक होती असंही सगळ्यांनी सांगितलंच होतं. मी तेव्हाही ऐकलं." ती आपल्या खिडकीकडे परत जायला वळली. "कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून मी आता सुई हातात घेणार नाही. माझ्या पायाला कळू दे."

दोन दिवस ती घरात काही बोलली नाही. स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले. रविवारी पहाटे साडेपाचला गाडीची किल्ली घेतली, आणि ट्रॅकसाठी गाडीत भरून ठेवलेली सुटी चाकं नि हत्यारं एकेक करून अंगणात उतरवून ठेवली. वर 'कारखान्यात आहे' एवढीच चिठ्ठी ठेवली.

तिथवर गाडी टर्नरने आणली, रिकाम्या रस्त्याने हळूहळू, ब्रेकला पाय न लावता. कारखान्याचं मागचं आवार लांबलचक, सिमेंटचं, तीन बाजूंनी मोकळं. टर्नरने मधोमध खडूने एक जाड रेघ ओढली. ताई टोकाला गाडी घेऊन गेली आणि तिथे बराच वेळ तशीच बसून राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचे हात स्टिअरिंगवर होते. टर्नरला वाटलं, उतरेल आता. पण गाडी निघाली, सायकलवाला बरोबर पळेल इतक्या वेगाने, आणि रेघेवर तिने ब्रेक दाबला.

गाडी रेघ ओलांडून गेली. काचेतून ताई दिसत होती. पाठ सीटला रेटलेली, उजवा पाय ताठ. गाडी मात्र रमतगमत चालल्यासारखी पुढेच सरकत राहिली आणि खूप पुढे जाऊन थांबली.

ताई उतरली. रेघेपासून चाकापर्यंत तिने पावलं मोजली. चौदा.

"आता तापव," टर्नर म्हणाला. "आवाराला चकरा मार, दर चकरेला चार-पाचदा जोरात दाब."

आठ-दहा चकरांनी जळका, उग्र वास सुटला. मग ती पुन्हा त्याच टोकाला गेली, त्याच वेगाने आली आणि रेघेवर ब्रेक दाबला. गाडी नाक खुपसून जागच्या जागी थांबली. एक पाऊलसुद्धा मोजावं लागलं नाही.

"बघितलंस?" टर्नर धावत जवळ आला. "पाय तोच. पटलं?"

"एकदा झालं."

"अगं, आता आणखी काय हवं?"

"रिपोर्ट संशयाचा असला तर आम्ही तीनदा तपासतो." तिने इंजिन बंद केलं. "थंड होऊ दे. परत करू."

तेवढ्यात भावोजी आले. ट्रॅकचा लाल सूट अंगात, हेल्मेट काखेत, घरापासून चालत आल्यामुळे तोंडाला घाम. फाटकातून आत येता येताच बोलायला लागले, "अगं, आठला तिथे पोचायचंय मला. सामान सगळं अंगणात टाकलंयस, फोन उचलत नाहीस. हे काय चाललंय?" मग त्यांना खडूची रेघ दिसली आणि ते जागीच थांबले. त्यांनी टर्नरकडे पाहिलं. टर्नरने नजर वळवली नाही.

"उद्या सकाळी आपण तिघं पहारेकरीकाकांकडे जायचं," ताई गाडीतूनच म्हणाली. "बोलायचं तुम्ही. शब्द मी सांगणार नाही. तिथून दवाखान्यात. जे लिहून दिलंय ते तुम्ही बदलून द्यायचं."

"जाऊ ना. जाऊ. मी नाही कुठे म्हणतोय." भावोजींनी हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. "पण आज तेवढं... नाव नोंदवलेलं आहे गं. इथे अजून किती वेळ?"

"ब्रेक थंड होईपर्यंत."

"किती वेळ लागेल?"

"मला काय कळतंय त्यातलं. तुम्हीच हात धरून बघा."

भावोजी उभे राहिले. टर्नर मदतीला हलला नाही. शेवटी भावोजींनी हेल्मेट सिमेंटवर ठेवलं, घट्ट सुटातून कसेबसे गुडघे टेकले आणि चाकाच्या फटीतून डिस्कजवळ हात नेला. लगेच मागे घेतला.

"गरम आहे," ते खाली बघत म्हणाले.

"मग थांबा," ताई म्हणाली.

तिने काच खाली केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती समोरच्या रिकाम्या आवाराकडे बघत बसली. हात जराही हलत नव्हते.